चाली येतात, डाव जिंकता येत नाही: गोव्यातल्या नवख्या बुद्धिबळपटूंसाठी

मोहरे कसे चालतात हे माहीत आहे, घरात सगळ्यांना हरवता, आणि मोबाईलवर किंवा तालुक्याच्या रविवारच्या स्पर्धेत बसलात की वीस चालींत खेळ खलास. हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे. तो नऊ वर्षांचा असो की पन्नाशीचा. मुलाला स्पर्धेला घेऊन जाणाऱ्या आईवडिलांनी शेवटचे तीन भाग आधी वाचले तरी चालेल.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. २०६ खेळाडू उतरले आणि उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव्ह जिंकला. असे डाव पाहिले की वाटतं, आपणही पंधरा-वीस चालींचं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करावं. नका करू. नवखा माणूस ओपनिंगमुळे हरत नाही. मोहरा फुकट देऊन हरतो, किंवा समोरच्याने फुकट ठेवलेला मोहरा दिसत नाही म्हणून हरतो. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीभोवती लावला आहे.

१. आजोबांचे नियम आधी तपासा

आपल्याकडे बरेच जण घरात शिकलेले असतात, आणि घरातला खेळ पुष्कळदा देशी पद्धतीचा असतो. त्यात प्यादं पहिल्यांदाही एकच घर जातं, राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते, आणि प्यादं ज्या रांगेत शेवटाला पोचेल त्या रांगेचाच मोहरा मिळतो. स्पर्धेत यातलं काही चालत नाही. पुढचे चार नियम पक्के करा:

- पटाच्या उजव्या कोपऱ्यातलं, तुमच्या हाताजवळचं घर पांढरं हवं. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा वजीर काळ्या घरात.
- कॅसलिंग (राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडच्या घरात येतो) करताना राजाला शह नसावा, तो ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात थांबतो त्यांवर मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतो. आधी राजाला हात लावायचा, आणि दोन्ही मोहरे एकाच हाताने हलवायचे.
- एन पासां: समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून तुमच्या प्याद्याच्या शेजारी आलं, तर ते एकच घर आलंय असं धरून मारता येतं. पण लगेच पुढच्याच चालीत, नंतर नाही.
- प्यादं शेवटाला पोचलं की वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवा तो घ्या. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो.

२. सामान

यात फार पैसे घालू नका. व्हिनाइलचा गुंडाळता येणारा पट घ्या. घर ५ ते ६ सेंटीमीटरचं, राजा साधारण ९.५ सेंटीमीटर उंच, तळ वजनदार. संचात जादा वजीर आहेत का ते पाहा. मोहरे प्लास्टिकचेच बरे. लाकडी दिसायला सुंदर, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्यांना बुरशी येते आणि तळाचं कापड सुटतं. चुंबकाचा खिशातला पट बसमध्ये ठीक आहे. सरावाला मोठाच हवा, कारण स्पर्धेत नजर सगळ्या पटावर फिरवावी लागते आणि कोपऱ्यातून आलेला उंट दिसणं ही सवयीची गोष्ट आहे.

घड्याळ लगेच घ्यायची गरज नाही. घरी मोबाईलमधलं बुद्धिबळाचं घड्याळ पुरतं. एक वही मात्र आजच घ्या.

इंटरनेटवर लीचेस पूर्ण मोफत आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. कोडी, डावाचं विश्लेषण, सगळं तिथे मिळतं. चेस डॉट कॉमही चांगलं आहे, पण पैसे न भरता त्यावर कोडी आणि डावांची तपासणी मोजकीच मिळते. पुस्तकांसाठी पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ड्युई पद्धतीने पुस्तकं लावलेल्या कुठल्याही ग्रंथालयात बुद्धिबळाचा क्रमांक ७९४.१.

३. चाली लिहायला शिका

पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरं, आडव्या ओळींना १ ते ८ हे आकडे. पांढऱ्याचा राजा ई१ वर, काळ्याचा ई८ वर. अर्ध्या तासात येतं. न लिहिलेला डाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि आठवत नाही तो डाव सुधारताही येत नाही. शिवाय लांबच्या वेळेच्या स्पर्धेत चाली लिहिणं सक्तीचं आहे. आपली चाल आधी लिहून मग खेळायची नाही. आधी खेळायची, मग लिहायची.

४. फुकट मोहरा देणं बंद करा

खरं काम इथे आहे. पहिले दोन-तीन महिने बाकी काही केलं नाही तरी चालेल.

मोहऱ्यांची किंमत अशी धरतात: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न, याच क्रमाने:

- समोरच्याने आत्ताची चाल का केली? त्याच्या हलवलेल्या मोहऱ्याचा मारा आता कुठेकुठे पोचतो, आणि तो तिथून हलल्यामुळे मागची कुठली वाट उघडली?
- माझ्याकडे शह कुठला आहे, मार कुठली आहे, धमकी कुठली आहे? शह आधी, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं.
- मनात ठरलेली चाल मी खेळलो, तर समोरच्याला कुठला शह देता येतो आणि काय मारता येतं?

तिसरा प्रश्न बहुतेकांचा राहतो. चाल सुचली की हात आपोआप पुढे जातो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी हात चक्क मांडीखाली ठेवून बसावं. मोठमोठे खेळाडूही तसे बसलेले दिसतात.

आता मारामारीचा हिशेब. एखाद्या घरावर तुमचे मारणारे किती आणि त्याचे राखणारे किती, हे मोजायला सगळे शिकवतात. नुसत्या संख्येवर जाल तर फसाल. समजा डी५ वर काळ्याचं प्यादं आहे आणि ते दुसऱ्या एका प्याद्याने राखलेलं आहे. तुमचा हत्ती आणि त्याच्यामागे वजीर, दोघेही त्या प्याद्यावर रोखलेले. दोन विरुद्ध एक, म्हणून तुम्ही हत्तीने मारता: १ मिळाला. त्याने प्याद्याने हत्ती घेतला: ५ गेले. तुम्ही वजिराने ते प्यादं घेतलं: आणखी १ मिळाला. कमावले २, घालवले ५. स्वस्तातला मोहरा आधी पुढे करता येत नसेल तर त्या घराला हात लावू नका.

कोणीही न राखलेला मोहरा दिसला की कान टवकारा, मग तो कोणाचाही असो. त्यावर आत्ता मारा नसेल, पण एका शहाबरोबर किंवा फोर्कबरोबर (एकाच मोहऱ्याने दोघांवर एकदम केलेला मारा) तोच जातो. दर चार-पाच चालींनी आपले बिनआधाराचे मोहरे मोजायची सवय लावा.

घोड्याच्या फोर्कची सगळ्यांनाच भीती असते. त्यावर एक साधी युक्ती आहे. घोडा पांढऱ्या घरात असेल तर त्याचा मारा फक्त काळ्या घरांवर असतो, आणि काळ्या घरात असेल तर फक्त पांढऱ्यांवर. म्हणजे तुमचे राजा आणि वजीर एकाच रंगाच्या घरांत असतील तरच घोडा दोघांना एकदम धरू शकतो. समोरचा घोडा जवळ घोटाळायला लागला की आधी आपल्या मोठ्या मोहऱ्यांच्या घरांचे रंग पाहा. बी५ वर आलेला पांढरा घोडा बहुधा सी७ वर डोळा ठेवून असतो: तिथून ई८ वरचा राजा आणि ए८ वरचा हत्ती, दोन्ही सापडतात.

मागच्या ओळीची मात हा दुसरा रोग. कॅसलिंग केलेलं, एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागच्या जागी, आणि समोरच्याचा हत्ती आठव्या ओळीत उतरला की राजाला पळायला घर नाही. हत्तींच्या वाटा उघडल्या की एच प्यादं एक घर पुढे करून राजाला खिडकी ठेवा. मात्र पाचव्या-सहाव्या चालीला, कारण नसताना ते करू नका.

शाळेच्या स्पर्धांत अजून चार चालींची मात चालते, म्हणून तेवढी तोंडपाठ असू द्या. पांढरा ई४, तुम्ही ई५. पांढऱ्याचा वजीर एच५ वर आला. इथे घाबरून जी६ खेळलात तर वजीर ई५ वरचं प्यादं शहासकट मारतो आणि पुढच्या चालीत एच८ वरचा हत्ती घेतो. बरोबर उत्तर: घोडा सी६, म्हणजे ई५ राखलं गेलं. पांढऱ्याचा उंट सी४ वर, आता एफ७ वर मातीची धमकी. आता जी६ खेळा. वजीर एफ३ वर गेला की घोडा एफ६. धमकी संपली, तुमचे दोन घोडे बाहेर आले आणि त्याचा वजीर वणवण फिरतोय. तिसऱ्या चालीला जी६ ऐवजी घोडा एफ६ खेळलात, तर एफ७ वर मात.

५. रोज वीस मिनिटं कोडी

क्रम असा ठेवा: एका चालीत मात, मग फुकट मोहरा ओळखणं, फोर्क, पिन (हलला तर मागचा मोठा मोहरा उघडा पडतो म्हणून अडकलेला मोहरा), पाठीमागचा मोहरा हेरणारा मारा, एक मोहरा हलवून दुसऱ्याचा मारा उघडणं, आणि शेवटी दोन चालींत मात. लीचेसवर विषयवार कोडी निवडता येतात. एका विषयावर आठवडाभर राहा.

उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. म्हणजे समोरच्याचं उत्तर आणि त्यावरची आपली चालही दिसली पाहिजे. तीन-चार मिनिटांत नाही सुटलं तर उत्तर बघा, ती मांडणी खऱ्या पटावर लावा, वहीत टिपा आणि आठवड्याने पुन्हा सोडवा. चुकलेली कोडी पुन्हा न करणारे वर्षभर त्याच जागी राहतात.

कोड्यांचा आकडा वाढतो आणि डावात काही फरक पडत नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. कारण उघड आहे. कोड्यात कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की इथे काहीतरी आहे. डावात ते कोणी सांगत नाही. त्यासाठी वरचे तीन प्रश्न आहेत. घड्याळ लावून भराभर सोडवायची कोडी करमणुकीला ठीक; शिकायला त्यांचा उपयोग कमी.

६. डावाचा शेवट आधी शिका

दोन हत्तींची शिडीसारखी मात, वजीर-राजाची मात, एका हत्तीची मात, आणि एका प्याद्याचा शेवट. एवढं आलं की बरोबरीचे बरेच अर्धे गुण विजयाचे पूर्ण गुण होतात.

वजिराची मात नीट पाहू, कारण जिंकलेला डाव इथेच बरोबरीत जातो. वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या उडीवर ठेवा आणि राजा जिकडे जाईल तिकडे वजीर तसाच सरकवत राहा. शह देत सुटू नका. राजा आपोआप पटाच्या काठाला ढकलला जातो. पण तो कोपऱ्यात शिरला की हा पाठलाग थांबवा. काळा राजा एच८ वर आणि तुमचा वजीर जी६ वर, चाल काळ्याची: शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, अर्धा गुण. त्याऐवजी वजीर ई७ सारख्या घरात ठेवा. राजा जी८ आणि एच८ यांतच फिरत राहतो. तेवढ्यात तुमचा राजा चालत एफ६ वर आणा आणि वजीर जी७ वर: मात.

एका प्याद्याच्या शेवटात सगळं राजांच्या समोरासमोर उभं राहण्यावर असतं. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. काळ्याचा राजा एका बाजूला सरकतो आणि तुमचा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी. हे दहा वेळा दोन्ही बाजूंनी खेळून पाहा. प्यादं पुढे आणि राजा मागे ही सवय मोडा. राजा प्याद्याच्या पुढे चालला पाहिजे. आणि काठाचं, म्हणजे ए किंवा एच रांगेचं, एकटं प्यादं असेल आणि समोरचा राजा त्याच्या कोपऱ्यात पोचला असेल, तर जिंकता येत नाही. मोहरे बदलून अशा शेवटात जाण्यापूर्वी हे आठवा.

पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि मारामारी झाली नाही, तर समोरचा बरोबरी मागू शकतो. तीच स्थिती, त्याच्याच चालीला, तिसऱ्यांदा आली तरीही.

७. ओपनिंग: एवढंच

पांढऱ्याकडून ई४, घोडा एफ३, उंट सी४, मग कॅसलिंग. काळ्याकडून ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५. दहाव्या चालीपर्यंत मधल्या घरांत निदान एक प्यादं, दोन्ही घोडे आणि निदान एक उंट बाहेर, राजा कॅसलिंग केलेला, एकच मोहरा दोनदोनदा हलवलेला नाही. बस्स.

सापळे दोनच सांगतो, कारण ते सारखे भेटतात. पहिला: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४, आणि काळा घोडा डी४ वर येतो. ई५ वरचं प्यादं फुकट दिसतं. ते घोड्याने घेतलंत की काळा वजीर जी५ वर येतो. तुम्ही घोड्याने एफ७ वरचं प्यादं घेता, वजीर जी२ घेतो, हत्ती एफ१ वर, वजीर ई४ वर शह, उंट ई२ वर आडवा, आणि घोडा एफ३ वर मात. स्वतःच्या मोहऱ्यांत कोंडलेला राजा. उपाय सोपा: प्याद्याकडे बघू नका, आपल्या घोड्याने डी४ वरचा घोडा घ्या.

दुसरा काळ्यासाठी: त्याच सुरुवातीत तुम्ही तिसऱ्या चालीला घोडा एफ६ खेळलात आणि पांढरा घोडा जी५ वर आला, तर डी५ खेळा. त्याने प्याद्याने डी५ घेतलं की ते घोड्याने परत घेऊ नका. पांढरा घोडा एफ७ वर बळी देऊन तुमच्या राजाला मध्यात ओढतो. त्याऐवजी घोडा ए५ वर नेऊन उंटाला पिटाळा.

८. किती खेळायचं आणि मग काय

आठवड्याला १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद या वेळेचे चार-पाच डाव पुरे. तीन मिनिटांचे वीस डाव खेळून विचार न करण्याची सवय तेवढी पक्की होते. लीचेसवर नवीन खात्याचं मानांकन (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) सुरूच १५०० पासून होतं आणि तिथला आकडा स्पर्धेच्या मानांकनापेक्षा सहसा जास्त असतो, तेव्हा त्यावर हुरळू नका.

हरलेला डाव त्याच दिवशी उघडा, पण इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) बंद ठेवून. वहीत तीन जागा टिपा: कुठे काय करावं कळेना, कुठे धक्का बसला, कुठे घाई केली. प्रत्येक ठिकाणी दुसरी एक चाल सुचवा. मग इंजिन लावा. इंजिनचा १ म्हणजे साधारण एका प्याद्याचा फायदा. ०.३ आणि ०.६ मधला फरक तुमच्यासाठी शून्य आहे. आकडा एका चालीत २ किंवा त्याहून जास्त उडाला, तेवढ्याच चाली बघा. महिन्याअखेर वही चाळलीत की एकच चूक पुन्हापुन्हा दिसेल. पुढच्या महिन्याची कोडी त्या विषयाची घ्या.

मोठ्यांचे डाव जरूर बघा. गोव्याचे पहिले ग्रँडमास्टर अनुराग म्हामल, लिओन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी, सगळ्यांचे डाव मोफत सापडतात. बघताना बाजूची मूल्यमापनाची पट्टी झाका आणि पुढची चाल आधी स्वतः ओळखा. लिओन २०२० च्या टाळेबंदीत युरोपात अडकला आणि तिथेच एकामागून एक स्पर्धा खेळत वयाच्या १४ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. पटावर बसून खेळलेल्या लांब डावांना पर्याय नाही तो असा.

प्रशिक्षक लगेच हवाच असं नाही. ठेवायचा झाला तर पहिल्या तासाला तुमचे दोन लिहिलेले डाव मागणारा माणूस बरा. ओपनिंगच्या छापील चिठ्ठ्या वाटणाऱ्याकडे सहा महिन्यांनी जाता येईल.

९. नोंदणी आणि कागदपत्रं

मानांकनाच्या स्पर्धेसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे ऑनलाइन नोंदणी लागते. गोव्यात राज्य पातळीचं काम गोवा बुद्धिबळ संघटना पाहते. स्पर्धेचं पत्रक आधी पूर्ण वाचा, कारण काही स्पर्धा मानांकनाच्या असतात आणि काही नुसत्या खुल्या. सोबत हे ठेवा:

- जन्मदाखला (वयोगटात हाच निर्णायक)
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचा फोटो, छापील आणि मोबाईलमध्येही
- महासंघाचा नोंदणी क्रमांक आणि असल्यास फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) क्रमांक
- शालेय स्पर्धेसाठी शाळेचं पत्र
- प्रवेश फी भरल्याची पावती

जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंद, तिन्हींत नाव एकसारखं आहे का ते आजच पाहा. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नुसतं आडनाव, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळं. एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्या की त्या निस्तरताना नाकीनऊ येतात. देशातले वयोगट ७, ९, ११ असे विषम आकड्यांचे असतात आणि वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला मोजतात.

१०. स्पर्धेचा दिवस

स्पर्धा स्विस पद्धतीची असते. कोणी बाद होत नाही. सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ पडते. पहिल्या फेरीत यादीच्या वरच्या अर्ध्याला खालच्या अर्ध्याशी जोडतात, म्हणून नवख्याच्या वाट्याला पहिल्याच फेरीत तगडा खेळाडू येतो. मूल रडत बाहेर आलं तर त्याला हे समजावा. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून जोडीदार बरोबरीचे मिळतात. जोड्या बहुधा चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर लागतात.

काणकोण किंवा सत्तरीतून म्हापशाला जायचं असेल तर रविवारी बसच्या फेऱ्या कमी असतात. हजेरीच्या वेळेआधी अर्धा तास पोचाल असं निघा. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की डाव न खेळताच जातो. दुपारी भरपेट शीतकडी जेवून चौथ्या फेरीला बसू नका. डोळे मिटायला लागतात.

पटावर:

- मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला की तो मारायचा. नुसता सरळ करायचा असेल तर आधी तसं बोला, आणि तेही आपली चाल असतानाच.
- ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ.
- नियमबाह्य चाल: लांबच्या वेळेच्या डावात पहिल्यांदा समोरच्याला २ मिनिटं जादा, दुसऱ्यांदा डाव गेला.
- मोबाईल अंगावर सापडला तर डाव गेला. तो बंद करून बाहेर आईवडिलांकडे द्या.
- बरोबरी मागायची तर चाल करा, मागा, मग घड्याळ दाबा.
- काही खटकलं तर घड्याळ थांबवून हात वर करा आणि पंचांना बोलवा. समोरच्याशी वाद घालू नका. निकालपत्रावर सही केल्यावर तक्रारीला अर्थ राहत नाही.

पालकांनी खेळाच्या खोलीत खुणा करू नयेत. मुलाला वाटतं मदत होते, पंचांना वाटतं फसवणूक.

११. मानांकन कसं येतं

फिडेच्या मानांकनासाठी मानांकित खेळाडूंविरुद्ध निदान ५ डाव लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. मार्च २०२४ पासून सर्वांत कमी मानांकन १४०० आहे. तुमची कामगिरी त्याखाली निघाली तर नाव यादीत येतच नाही, म्हणजे पाच डाव खेळूनही तुम्ही बिनमानांकित राहू शकता. त्यात बिघडलं काही नाही.

लांबच्या वेळेच्या डावांचं मानांकन मिळाल्यावर सुरुवातीला गुणक ४० असतो: बरोबरीच्या खेळाडूला हरवलं की २० गुण वर, हरलात की २० खाली. प्रौढांचा गुणक ३० डावांनंतर २० होतो. अठरा वर्षांखालच्यांना मानांकन २३०० होईपर्यंत ४० च राहतो, म्हणून मुलांचे आकडे एका स्पर्धेत शंभरानेही हलतात. लांबच्या वेळेचं, रॅपिडचं आणि ब्लिट्झचं मानांकन वेगवेगळं असतं. १० मिनिटांपर्यंतचा डाव ब्लिट्झ, त्यावर आणि ६० मिनिटांच्या आत तो रॅपिड.

नवी यादी दर महिन्याच्या १ तारखेला निघते. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत संपलेली स्पर्धा कधीकधी पुढच्या यादीत जाते, तेव्हा लगेच धावपळ करू नका. दोन याद्या होऊनही डाव दिसले नाहीत, तर स्पर्धेचं नाव, तारीख आणि चेस-रिझल्ट्सवरचं पान घेऊन आधी त्या स्पर्धेच्या मुख्य पंचांना विचारा. अहवाल त्यांच्याकडूनच पुढे जातो.